रेलमध्ये गेलेली मेडलं

आमच्या घरात रंगाच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा असतो, अशी माझी समजूत आहे. सुरतेतल्या एका डाईंग मिलमध्ये मी कलर मास्तर आहे. व्यापारी साडीचा बोटभर तुकडा माझ्यापुढे टाकतो आणि म्हणतो, हाच रंग अख्ख्या लॉटवर पाहिजे. मग मी तो तुकडा खिडकीजवळ नेतो, डोळे बारीक करतो, मान तिरकी करतो आणि यात पिवळा किती नि लाल किती ते सांगतो. मान तिरकी करायची खरं तर काही गरज नसते. पण ती केली नाही तर हा पगार कशाचा घेतो असं मालकाला वाटतं. सवय अशी जडली आहे की भाजीवाल्याकडे वांगी घेतानाही माझी मान तिरकी होते, आणि बायको ओळख नसल्यासारखी लांब जाऊन उभी राहते.

हे आधीच सांगून टाकतो, कारण सासऱ्यांच्या मेडलांच्या बाबतीत मी पुढे जे दिवे लावले ते या तिरक्या मानेच्या जोरावर लावले. अडाणी माणूस चुकतो तेव्हा निदान हळू आवाजात चुकतो. मी तज्ज्ञ म्हणून चुकलो.

माझे सासरे धुळ्याकडचे. तरुणपणी फौजेत गेले, एक लढाई पाहिली, बर्फात राहिले, पेन्शन घेऊन गावी परतले. गावात जीव रमेना आणि पेन्शनही पुरेना, तेव्हा अर्धा खानदेश ज्या वाटेने सुरतेला येतो त्याच वाटेने तेही आले आणि कापड मार्केटात वॉचमन झाले. तिथे त्यांना फौजेबद्दल कोणी विचारलं नाही. मार्केट त्यांना वॉचमनकाका म्हणायचं, आणि नोकरी सुटल्यावरही तेच नाव चिकटून राहिलं. त्यांना एकुलती एक मुलगी, ती माझ्या पदरात पडली, किंवा मी तिच्या. आता सासरे आणि सासूबाई भेस्तानला आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहतात, आम्ही वर. मी घरजावई नाही, ते घरसासरे आहेत, असं मी मिलमध्ये सांगतो. त्यांच्यासमोर सांगण्याची अजून हिंमत झालेली नाही.

सासऱ्यांना जावई हवा होता तसा मिळाला नाही, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. ते फक्त माझ्या चपला सरळ करून ठेवतात. मी त्यांच्या दारात चपला काढल्या की ते उठतात, दोन्ही एका रेषेत लावतात आणि परत येऊन बसतात. इतक्या वर्षांत हा त्यांचा माझ्याबद्दलचा अभिप्राय मला पाठ झाला आहे.

तर झालं असं, की आमच्या सोसायटीत झेंडा दरवर्षी चेअरमन फडकवायचे. त्यांचा लेस-पट्टीचा धंदा आहे आणि भाषणही ते लेस मोजल्यासारखं लांबलचक करतात. एकदा त्यांना कुठून तरी कळलं की तळमजल्यावरचे काका फौजी आहेत. ते घरी आले आणि म्हणाले, या सव्वीस जानेवारीला झेंडा तुम्ही फडकवा, आणि मेडल घालून या. सासरे खुर्चीतून उठले, टाचा जुळवल्या आणि हो म्हणाले. चेअरमन चहा पिऊन गेले. मग सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा करत माझ्या बायकोकडे पाहिलं आणि बायकोने माझ्याकडे. मला काहीच कळलं नाही. वर आल्यावर तिने सांगितलं, मेडलं नाहीत. पुरात गेली.

सुरतेला मोठा पूर आला त्या वर्षी सासरे-सासूबाई कोसाडच्या बाजूला तळमजल्याच्या एका खोलीत राहत होते. पाणी चढायला लागलं तेव्हा सासरे मार्केटात ड्यूटीवर होते. व्यापाऱ्यांचे साड्यांचे गठ्ठे वरच्या मजल्यावर चढवत होते. सासूबाई शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेल्या म्हणून वाचल्या. पाणी उतरल्यावर सासरे चिखल तुडवत घरी पोहोचले, तर खोलीला दारच राहिलं नव्हतं, मग पेटी कुठून राहणार. मेडलं त्या पेटीत होती. त्यानंतर सासऱ्यांनी मेडलांचं नाव काढलं नाही.

नवीन का मागितली नाहीत, हे मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, ते घाबरतात. मला हसू आलं. मिशांना अजून तूप लावणारा हा माणूस कोणाला घाबरणार? पण खरंच होतं ते. फौजेत चमचा हरवला तरी साहेबापुढे पेशी व्हायची म्हणे. तू कुठे होतास, काय करत होतास, सामान का सांभाळलं नाहीस. सरकारने छातीवर लावलेली मेडलं हरवली म्हणजे केवढा गुन्हा, असं त्यांनी मनात धरून ठेवलं होतं. कचेरीत कळलं तर दंड होईल, पेन्शन अडकेल, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोणी तरी साहेब विचारेल की तू कसला सैनिक.

त्या सव्वीस जानेवारीला सासऱ्यांची पाठ धरली. पंधरा ऑगस्टला त्यांना ताप आला. दोन्ही वेळा चेअरमननी मन घट्ट करून स्वतःच झेंडा फडकवला. मग गेटजवळच्या बाकावर बसणाऱ्या रिकामटेकड्यांत कुजबुज सुरू झाली, की काका खरंच फौजेत होते का मार्केटात वॉचमनच होते आयुष्यभर? माझ्या बायकोने ते ऐकलं आणि ती रागाने रडली. सासऱ्यांनीही ऐकलं असणार, कारण त्यांनी संध्याकाळचं फिरणं बंद केलं. जो माणूस उन्हापावसात ठरल्या वेळी गेटबाहेर पडायचा, तो खिडकीचा पडदा ओढून आत बसायला लागला. चेअरमन भले माणूस. ते पुन्हा आले आणि म्हणाले, येत्या सव्वीस जानेवारीला तरी याच. या वेळी मेडलं घालून उभं राहिलं नाही, तर या सोसायटीत आपण मरेपर्यंत खोटं बोलणारा वॉचमन ठरणार, हे सासऱ्यांना कळत होतं. आम्हालाही कळत होतं.

बायको म्हणाली, तुम्ही काहीतरी करा. हे वाक्य ती मला सहसा म्हणत नाही, अनुभव वाईट आहे. पण मी मान तिरकी केली.

गेली कोणती मेडलं, हे आधी ओळखायला हवं होतं. पुरावा म्हणून एक फोटो होता. कुठल्याशा छावणीतल्या स्टुडिओत काढलेला, आणि गावी भावाच्या घरी लटकत असल्यामुळे पुरातून वाचलेला. त्यात सासरे तरणेबांड, छाती पुढे, छातीवर पाच मेडलं. प्रत्येक शेंगदाण्याएवढं. नावं विचारली तर सासऱ्यांनी नाइलाजाने सांगितली. चांदणी, लढाईवाला, बर्फवाला, पंचवीसवाला आणि नऊवाला. चांदणी म्हणजे पश्चिमेच्या आघाडीवर होते त्याची. बर्फवाला हिमालयात राहिले त्याचा, पंचवीसवाला स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सगळ्यांना मिळालेला, नऊवाला नऊ वर्षं नोकरीचा. सरकारी नावं ते विसरले होते, किंवा मला सांगण्याच्या लायकीचा समजत नव्हते.

मी ठरवलं, यांना काही विचारायचंच नाही. गुपचूप मेडलं मागवायची आणि समोर ठेवायची. इंटरनेटवर अशी मेडलं विकत मिळतात हे मी शोधून काढलं होतं. फक्त फितींचे रंग जुळवायचे राहिले, आणि रंग जुळवणं तर माझं पोटापाण्याचं काम. अडचण एवढीच, की फोटो काळापांढरा होता.

दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. मी फोटो मोठा करून आणला, खिडकीजवळ नेला आणि करड्या रंगाच्या पाच छटांकडे पाहत उभा राहिलो. हा करडा म्हणजे हिरवा, हा करडा म्हणजे मातकट. सासूबाई डाळ निवडत होत्या. त्यांना विचारलं, तुम्हाला काही आठवतं का? त्या म्हणाल्या, एक मोरपंखी होती आणि एक रानी. सुरतेत गडद गुलाबीला रानी म्हणतात. मी हसून म्हणालो, मामी, फौजेत गुलाबी रंग नसतो. त्यांनी पुन्हा डाळीत डोकं घातलं.

चौथी फीत मात्र अर्धी गडद आणि अर्धी फिकी होती. अगदी मधोमध रेष. हे पाहून माझा ऊर भरून आला, कारण हे साध्या डोळ्यांना दिसलंच नसतं. फोनवर सगळ्या फिती चाळत गेलो आणि सापडली. अर्धी निळी, अर्धी केशरी. बायकोला म्हणालो, बघ, तुझ्या वडिलांनाही आठवत नसेल अशी फीत ओळखली. पाचही मागवून टाकली.

पार्सल आलं. मी मेडलं साडीच्या चांगल्या बॉक्समध्ये मखमलीवर मांडली आणि बायकोला घेऊन खाली गेलो. सासऱ्यांनी चष्मा लावला. झाकण काढलं. चांदणीवर त्यांची नजर क्षणभर थांबली, आणि मला वाटलं, जिंकलं. मग ती चौथ्या मेडलावर गेली आणि तिथेच राहिली.

हे कोणाचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तुमचंच, मामा. मग त्यांनी सांगितलं, की हे मेडल शत्रूच्या गोळीसमोर पाय रोवून उभं राहणाऱ्याला मिळतं, आणि पुष्कळदा त्याच्या बायकोच्या हातात देतात. त्यांच्या अख्ख्या नोकरीत हे छातीवर लावलेला एकच माणूस त्यांनी पाहिला होता, आणि तो खोलीत आला की साहेबसुद्धा उठायचे. ते लावून मला झेंड्याखाली उभा करणार होतास का, असं ते म्हणाले. लोक नुसते खोटा म्हणत होते, तू पक्का खोटा करायला निघालास.

त्यांनी फोटो मागितला. चौथ्या मेडलावर बोट ठेवलं. स्टुडिओतला दिवा डाव्या बाजूला होता, आणि कोटाच्या कॉलरची सावली त्या फितीवर पडली होती. अर्धी फीत सावलीत, अर्धी उजेडात. एवढी वर्षं या धंद्यात काढून मी सावलीला रंग देऊन बसलो होतो.

उरलेली चार मेडलं त्यांनी एकेक करून उचलली आणि अंगठ्याच्या नखाने कडेवरून फिरवून पाहिली. खऱ्या मेडलाच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. यांच्या कडा गुळगुळीत होत्या. त्यांनी बॉक्स माझ्याकडे सरकवला आणि अहिराणीत म्हणाले, "ह्या मना नही शेतस." माझी नाहीत. मी म्हणालो, नंबर काय, भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडून घालून घेऊ, पाच मिनिटांचं काम. बायको म्हणाली, आणि पुढे सप्रेम भेट असंही घालून घ्या. त्यावर सासूबाई तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या.

आता सरळ वाट एकच होती, सरकारकडे अर्ज. बायकोने वडिलांची कशीबशी समजूत घातली. ते म्हणाले, लिहा तुमच्या जबाबदारीवर, आणि कोऱ्या कागदावर सही करून मोकळे झाले, जणू फाशीच्या हुकमावर सही करत होते. अर्ज हिंदीत लिहायचा होता. माझी हिंदी मिलची. तिच्यात ओडिया कारागीर, बिहारी ऑपरेटर आणि गुजराती मालक या तिघांना एकाच वेळी रागावता येतं. त्यामुळे आपल्याला हिंदी येते असा माझा ग्रह आहे. मी अर्ज ऐटीत लिहिला. सासऱ्यांचा नंबर, पलटण, पाचही मेडलांची त्यांच्या पेन्शनच्या कागदांतून शोधलेली खरी नावं, आणि शेवटी कारण. इथल्या माजी सैनिकांच्या कचेरीत तो दिला. खिडकीतल्या माणसाने वाचला, मान हलवली, च्‌ च्‌ केलं, शिक्का मारला आणि सासऱ्यांच्या पलटणीच्या दूरच्या कचेरीकडे पाठवून दिला. त्याचं च्‌ च्‌ ऐकून मला वाटलं, लिहिलंय मात्र काळजाला भिडेल असं.

दिवाळीच्या आसपास उत्तर आलं. सासरे दाढी करत होते, बायकोने दारातच वाचून दाखवलं. अर्जदाराने रेल्वे पोलिसांकडे केलेल्या तक्रारीची प्रत, गाडीचं नाव आणि प्रवासाची तारीख कळवावी, असं त्यात होतं. सासऱ्यांचा वस्तरा हनुवटीवर थांबला. गाडी? कोणती गाडी? बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, कोणत्या तरी दुसऱ्याच अर्जाचं उत्तर चुकून आपल्याला आलं असेल, सरकारी कारभार. मग तिने घरात ठेवलेली माझ्या अर्जाची झेरॉक्स शोधून आणली आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचली. मी लिहिलं होतं, "मेरे पाँचों मेडल रेल में चले गये।"

माझा जन्म सुरतेचा. सुरतेत पुराला रेल म्हणतात. रेल आवी, रेलमां गयुं, रेल पहेलां, रेल पछी. इथल्या माणसाची अर्धी वर्षं रेलने मोजली जातात. आगगाडीला आम्ही गाडी किंवा ट्रेन म्हणतो, त्यामुळे कधी घोटाळा होत नाही. तापीच्या पलीकडे रेल म्हणजे रेल्वे समजतात, हे मला अक्कलदाढ येऊन इतकी वर्षं झाली तरी सुचलं नव्हतं. खिडकीतला माणूसही सुरती होता. त्याने पुराबद्दल च्‌ च्‌ केलं होतं. आणि दूरच्या कचेरीत कोण्या साहेबाने वाचलं, की या सैनिकाने आपली पाचही मेडलं आगगाडीत सोडली.

सासऱ्यांनी फेस पुसला. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते फक्त म्हणाले, "फौजी गाडीमा सामान इसरस नही." फौजी गाडीत सामान विसरत नाही. पुढचं बायकोने मला नंतर सांगितलं. रजेवर येताना ते पेटी पायांना बांधून बसायचे. स्टेशनवर पाणी प्यायलाही पेटी घेऊन उतरायचे. आणि आता सरकारच्या दप्तरात त्यांच्या नंबरासमोर कायमचं लिहिलं गेलं होतं की हा माणूस छातीवरचं सामान रेल्वेत विसरला. इतकी वर्षं ज्या गोष्टीच्या भीतीने त्यांनी तोंड उघडलं नव्हतं, ती मी हिंदीत, ऐटीत, सहीशिक्क्यानिशी पोहोचती केली होती. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मीही जेवलो नाही, पण माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून माझ्या दारात उभे. कचेरीत जायचं होतं. आता ते स्वतः बोलणार होते. स्कूटरवर ते मागे ताठ बसले. स्पीडब्रेकर आला तरी मला धरलं नाही. मी वाटेत एकदा माफी मागायचा प्रयत्न केला, तर ते म्हणाले, समोर बघ.

कचेरीतले साहेब रिटायर्ड सुभेदार होते, सासऱ्यांसारखेच बाहेरून येऊन सुरतकर झालेले. सासरे त्यांच्या टेबलासमोर सावधान उभे राहिले. साहेब बसा म्हणाले, ते बसले नाहीत. मी पुढे होऊन समजावून सांगायला लागलो, की रेल हा शब्द गुजरातीत, म्हणजे सुरती गुजरातीत, म्हणजे मूळ अर्थाने. सासऱ्यांनी हाताने मला मागे सारलं. त्यांची हिंदी माझ्याहून शंभर पट चांगली होती.

"साहब, मेडल घर में थे। बाढ़ आई तब मैं ड्यूटी पर था।"

कोणत्या ड्यूटीवर, असं साहेबांनी विचारलं. सासरे म्हणाले, मार्केटच्या, वॉचमनची ड्यूटी होती. जागा सोडून जायचा हुकूम नव्हता. घरी पाणी शिरलंय हे कळलं होतं, पण बदली माणूस आला नव्हता. जी सजा असेल ती द्या, पण गाडीत विसरलो हे खोडून टाका.

ते हे बोलत होते तेव्हा मी भिंतीकडे पाहत होतो. घरी पाणी शिरलंय हे त्यांना मार्केटात कळलं होतं, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

साहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खुर्चीत बसवलं. सजा कसली, काका, असं म्हणाले. पुरात या शहरातल्या किती फौजींची मेडलं गेली, त्या सगळ्यांना पुन्हा मिळाली. तुम्हीच तेवढे राहिलात. त्यांनी स्वतः नवा अर्ज लिहिला, त्यात बाढ हा शब्द ठळक लिहून खाली रेष ओढली, आणि सहीसाठी कागद पुढे करताना मला म्हणाले, तुम्ही बाहेर बसा, चहा घ्या. मी बाहेर बसून चहा घेतला. माझ्याकडून सगळ्यात चांगलं झालेलं काम ते.

पार्सल जानेवारीत, अगदी वेळेवर आलं. सासऱ्यांनी फिती पाहिल्याच नाहीत. आधी प्रत्येक मेडलाच्या कडेवरून नख फिरवलं आणि ओठांतल्या ओठांत आपला नंबर म्हटला. पाच वेळा. मग पत्र माझ्याकडे देऊन विचारलं, दंडाबद्दल काही लिहिलंय का? मी दोनदा वाचून सांगितलं, नाही. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. सासूबाईंनी सांगितलेला एक रंग अगदी बरोबर निघाला. कोणता ते मी सांगणार नाही.

सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. सासरे काळा कोट घालून खाली उतरले, छातीवर पाच मेडलं, चालताना एकमेकांवर आपटून वाजणारी. बाकावरचे रिकामटेकडे उठून उभे राहिले, त्यांतल्या एकाने तर नमस्कारही केला. चेअरमननी माइकवर काकांची शौर्यगाथा सुरू केली आणि उत्साहाच्या भरात ही मेडलं काकांनी जिवापाड जपली आहेत असं म्हणून टाकलं. मी मनात म्हटलं, आता गप्प राहा, मामा. पण सासरे दोरी हातात धरून माइककडे वळले. खोटं त्यांच्या छातीवर राहू शकत नव्हतं. ते गुजरातीत म्हणाले, "आ बीजी वारना मेडल छे. पहेलाना रेलमां गया." ही दुसऱ्यांदा मिळालेली मेडलं, पहिली रेलमध्ये गेली.

आणि कोणी विचारलं नाही, कोणती रेल. कोणी विचारलं नाही, तुम्ही कुठे होतात. पहिल्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, तिच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. मागून कोणी म्हणालं, दोन म्हशी. बाकावरच्या एकाने शिवणयंत्र सांगितलं, दुसऱ्याने मुलाच्या दहावीच्या मार्कशीटा. रांदेरहून इथे राहायला आलेली एक वहिनी म्हणाली, आम्ही तर आख्खं दुकान खालून वर आणलं आणि वरचं छप्परच पडलं. लोक हसले, आणि पुन्हा सांगायला लागले. पटांगणभर नुसतं काय काय गेलं ते चाललं होतं. चेअरमन घड्याळाकडे पाहत राहिले. आणि एक मिनिट उशीर झाला तरी ज्यांचं पित्त खवळतं ते माझे सासरे दोरी धरून शांत उभे होते.

तेवढ्यात बायकांच्या खुर्च्यांतून सासूबाई म्हणाल्या, मोठ्याने नाही, शेजारणीला सांगावं तशा, "मनी मायनी गोधडी गयी."

माझ्या आईची गोधडी गेली. आमच्या घरातून पुरात काय काय गेलं, याचा पाच महिने मी कलर मास्तरच्या डोळ्याने शोध घेत होतो. पेटी, पाच मेडलं, फितींचे रंग. डाळ निवडणाऱ्या या बाईला मी तिच्या नवऱ्याच्या फितींचा रंग विचारला होता. तुमचं काय गेलं, हे मी विचारलं नाही, तिच्या मुलीने विचारलं नाही, आणि सासऱ्यांचा चेहरा पाहून कळत होतं की त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

ते तिकडे वळले. दोरी हातात तशीच होती.

"तिना रंग कसा व्हता व?" त्यांनी विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, तुम्हाला काय करायचंय, झेंडा ओढा, लोक खोळंबलेत. पण ते ओढेनात. मग त्यांनी पदर सावरला आणि अख्ख्या सोसायटीसमोर सांगायला सुरुवात केली. काठ आईच्या लग्नातल्या लुगड्याचा, लाल, धुऊन धुऊन विटकरी झालेला. मध्ये वडिलांच्या धोतराचे पांढरे तुकडे, एका कोपऱ्यात निळा, तो भावाच्या शाळेच्या सदऱ्याचा. सासरे सावधान उभे राहून ऐकत होते आणि मधेच विचारत होते, आणि दुसऱ्या कोपऱ्यात? झेंडा वर गुंडाळलेलाच होता, आणि त्या दिवशी तो बराच वेळ तसाच राहिला.